उतरणीचा स्लोप

जालन्यात बिभीषण गवंड्याच्या घरी स्लोप हा शब्द चहासारखा होता. सकाळी डोळे उघडले की सुरू. मोरीचा स्लोप काढला का, गच्चीचा स्लोप बराबर निघाला का, पोर्चचा स्लोप त्या शहाण्यानं उलटा काढून ठेवलाय, सगळं पाणी हॉलमध्ये येऊन राह्यलं, आता फोडा. फोनवर बोलणारा बिभीषण एकटा, पण शब्द घरातल्या सगळ्यांच्या तोंडी बसला होता. त्याची बायको मनीषा भांडी घासताना पाणी तुंबलं की कुरकुरायची, जगाच्या मोऱ्यांना स्लोप काढतो आणि आपल्या मोरीला नाही. पण त्यात बिभीषणचा दोष नव्हता. घर भाड्याचं होतं, आणि ते बांधणारा गवंडी दुसराच कुणीतरी होता.

या घरात बिभीषणची आई गोपिकाबाई येऊन राहिल्या तेव्हा त्यांना इंग्रजीतले मोजके शब्द ठाऊक होते. बस, तिकीट, डॉक्टर, मोबाइल, असे कुणी न शिकवता अंगाला चिकटलेले. स्लोप हा एकच शब्द त्यांनी मुद्दाम विचारून घेतला. लेक जेवायला बसला असताना त्यांनी विचारलं, सारखा सलोप-सलोप करतोस ते असतं तरी काय? त्यांच्या जिभेला स आणि ल एकत्र पेलवत नसत, म्हणून त्या दोघांच्या मध्ये जरा टेकून पुढं जात. बिभीषणनं हातातलं ताट एका बाजूनं उचललं. पातळ वरण दुसऱ्या काठाला जाऊन थांबलं. हा स्लोप, तो म्हणाला.

"अरे, ही तर उतरण झाली," गोपिकाबाई म्हणाल्या.

"तेच की माय. पण उतरण आपोआप असती. सलोप काढावा लागतो." आईशी बोलताना त्याचाही स्लोप पुन्हा सलोप व्हायचा.

गोपिकाबाईंना फार बरं वाटलं. परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसं. कारण त्यांची सगळी हयात उतरणीवर गेली होती.

तशी मराठीला उतारांची कमी नाही. नदी पायी ओलांडायची जागा तो उतार, ताप हटला की पडतो तो उतार, तलाठ्याकडून आणायचा तो उतारा, दृष्ट लागली की ओवाळून तिकटीवर टाकायचा तोही उतारा. एसटीत बसलेला भला माणूस उतारू होतो आणि साठी ओलांडली की स्वतःच उताराला लागतो. पण गोपिकाबाईंच्या घरात उतरण म्हणजे एकच. पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात, गावापासून जरा लांब, त्यांच्या मालकीचा तिरपा, खडकाळ तुकडा. वर बोरीचं झाड, खाली ओढा आणि मध्ये कुसळी गवत. पिकाच्या नावानं तिथं कधी काही धड आलं नाही. मेंढरांना मात्र ती जागा मानवली होती, आणि मेंढरांना मानवलं की गोपिकाबाईंना आणि त्यांचे मालक आबाराव यांना आपसूकच मानवायचं.

उतरणीचे फायदे त्यांना विचारावेत. सपाटीला मेंढरं उभी राहिली की पुढचं दिसतं, मागचं त्याच्या आड जातं. उतरणीवर बोरीखाली उभं राहिलं की सगळा कळप परातीत मांडल्यासारखा दिसायचा. लंगडणारी, कडेला रेंगाळणारी, विणीला आलेली, एकही नजरेतून सुटायची नाही. पाऊस पडला तरी पाणी ठरायचं नाही, बसल्या जागी चिखल व्हायचा नाही. आणि रात्री झोपायचं ते डोकं चढाकडं आणि पाय ओढ्याकडं करून. त्यात विचार करायचं काही नव्हतंच. जमीनच माणसाला बरोबर निजवायची.

पण खरा फायदा वेगळा होता, आणि तो त्या कुणाला सांगत नसत. आबाराव होते ताडमाड उंच. गोपिकाबाई त्यांच्या खांद्याला जेमतेम लागायच्या. लग्नात हार घालताना मामानं त्यांना उचललं होतं, आणि तो किस्सा भावकीतल्या बायका अजूनही पदर तोंडाला लावून सांगतात. उतरणीवर मात्र गोपिकाबाई वरच्या अंगाला उभ्या राहिल्या आणि आबाराव खालच्या अंगाला, की दोघांची डोकी बराबर यायची. डोळ्याला डोळा. म्हणून घरातली कोणतीही महत्त्वाची गोष्ट त्या सपाटीला काढतच नसत. पोरांच्या शाळेचं असो की दिराशी झालेल्या बोलाचालीचं, त्या म्हणत, उतरणीवर चला, मंग बोलू. सपाटीला मान वर करून भांडायचं म्हणजे मानच दुखते. आबाराव हसत आणि निमूट जाऊन खालच्या अंगाला उभे राहत. तिथं त्यांनी बायकोचं ऐकलं नाही असं फारसं झालं नाही.

दोन्ही पोरांची नावंही उतरणीवरच ठरली. सप्ताहात रामायण ऐकून आलेल्या आबारावांनी थोरल्याला सुग्रीव म्हटलं आणि धाकट्याला बिभीषण. दोन्ही नावं भावाशी फाटलेल्यांची, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. पोरं मात्र नावाला जागली नाहीत. सुग्रीव गावी शेती करायचा, बिभीषण जालन्यात गवंडीकाम करायचा, आणि दोघांत आजवर वाकडा शब्द नव्हता. सुग्रीवनं उंची बापाची घेतली होती, आणि पाठमोरा चालताना तो दिसला की गोपिकाबाईंना क्षणभर आबारावच वाटायचे.

आबाराव एका पावसाळ्यात तापानं गेले. त्या तापाला उतार पडलाच नाही. मेंढरांमागं चालणारं कुणी उरलं नाही तेव्हा ती विकावी लागली, आणि आईनं रिकाम्या उतरणीकडं बघत बसू नये म्हणून बिभीषण तिला जालन्याला घेऊन आला. त्यात त्याची माया होती. पण मायेनंही माणसाचे हाल होतात, ते असे.

घरात फरशी होती, पंखा होता, नळाला पाणी होतं. गोपिकाबाईंना पहिल्याच रात्री कळेना की डोकं कुणीकडं करायचं. त्यांनी मनीषाला विचारलं. उत्तर सोडून कुठंही करा मामी, ती म्हणाली. मनीषाच्या दृष्टीनं प्रश्न दिशेचा होता. गोपिकाबाई अंथरुणावर एकदा इकडं फिरायच्या, एकदा तिकडं. एक दिवस त्यांनी पेल्यातलं थोडं पाणी फरशीवर ओतलं आणि ते कुणीकडं जातंय ते बघत बसल्या. पाणी कुठंच गेलं नाही. मनीषानं येऊन ते फडक्यानं टिपलं आणि रात्री नवऱ्याच्या कानावर घातलं की मामींचं काहीतरी बिनसलंय.

बिनसलं काही नव्हतं. त्यांना उतरणीची ओढ लागली होती. भाजी निवडता निवडता हात थांबायचे आणि नाकात कुसळी गवताचा वास यायचा. गच्चीवर वाळवण घालायला गेलं तर सगळीकडं सपाट छतंच दिसायची, नजर कुठून सोडावी आणि कुठं टेकवावी ते कळायचं नाही. शेवटी त्यांनी लेकाला सांगून टाकलं, मला तिथं एक खोली बांधून दे. पत्र्याची चालंल. बोरीजवळ. मी एकटी राहीन, सुग्रीवकडं जेवीन आणि निजायला तिथं जाईन.

बिभीषणला नाही म्हणवेना. त्यानं गवंड्याचं उत्तर दिलं. "बांधू की माय. पण तिथं एकदम खोली बसत न्हाई. आधी पाणी जायला सलोप काढावा लागंल, मंग पाया, मंग खोली." हातातली कामं संपली की बघू, असंही तो म्हणाला. गवंड्याच्या हातातली कामं कधी संपत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. गोपिकाबाईंनी मात्र त्याचं बोलणं जसंच्या तसं मनात ठेवलं. आधी सलोप, मंग पाया, मंग खोली.

उन्हाळा तापला तसा एका दुपारी सुग्रीवचा फोन आला. मनीषानं तो सासूच्या कानाला लावून दिला. पलीकडं मोठ्या यंत्राची घरघर चालली होती आणि सुग्रीव त्याच्यावरून ओरडून बोलत होता. शेजारच्या रानात मशीन आल्तं, तसंच आपल्याकडं वळवलंय, माणूस खोळंबलाय, जल्दी सांग.

"माय, उतरणीचा सलोप काढून घेऊ का?"

गोपिकाबाईंनी फोन कानाशी घट्ट धरला. जालन्यात रोज ऐकलेला शब्द आज गावाकडून आला होता. म्हणजे भावाभावांचं बोलणं झालं असणार. म्हणजे बिभीषणनं मनावर घेतलं, आपल्याला न सांगता.

"काढ बाबा," त्या म्हणाल्या. "मी कवाची वाट बघून राह्यले."

आई नाही म्हणेल, रडेल, असं धरून सुग्रीवनं फोन केला होता. त्यानं पुन्हा विचारलं, बिलकुल काढू ना? मागून म्हणू नको.

"बिलकुल काढ. बराबर काढ. पाणी थांबलं न्हाई पाहिजे," गोपिकाबाई म्हणाल्या. पण हे शेवटचं वाक्य यंत्राच्या घरघरीत बुडालं आणि फोन बंद झाला.

त्या दिवसापासून गोपिकाबाईंचा पाय घरात ठरेना. त्यांनी मनीषाला सांगितलं की सुग्रीवनं माझ्या खोलीचा सलोप काढायला घेतला. मनीषानं ते बिभीषणला सांगितलं. बिभीषण चमकला, कारण तो खोलीबद्दल भावाशी चकार शब्द बोलला नव्हता. मग त्याला वाटलं, आईनंच सांगितलं असेल. आपण नुसतं बोललो आणि दादानं करायलाही घेतलं, याची त्याला थोडी लाजच वाटली, आणि त्या लाजेपायी त्यानं सुग्रीवला फोन केला नाही. एक फोन केला असता तर बरं झालं असतं. पण सख्ख्या भावांत असे न केलेले फोन फार असतात.

गोपिकाबाईंनी आपलं बोचकं बांधलं. त्यात दोन लुगडी, घोंगडी आणि आबारावांची काठी. काठी बोचक्यात मावेना, म्हणून ती बाहेरून बांधली. आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांची घागर भरायची असते, तेव्हा यंदा मालकांची घागर गावी भरते असं त्यांनी ठरवलं. मनीषानं विचारलं, मामी, परत कधी? त्यावर त्या नुसत्या हसल्या आणि नातीच्या, छकुलीच्या, गालावरून हात फिरवत म्हणाल्या, सुट्टीत हिला माझ्याकडं धाडत जा. माझ्याकडं, हा शब्द त्यांनी किती दिवसांनी उच्चारला होता.

भोकरदनपर्यंत एसटी आणि तिथून पुढं जीप. जीपमध्ये शेजारी बसलेल्या बाईला त्यांनी आपण होऊन सांगितलं की आमच्या उतरणीवर सलोप काढलाय, आता खोली व्हायची. त्या बाईनं चांगलं झालं म्हटलं. गोपिकाबाईंना तेवढंही पुरलं.

सुग्रीवच्या घरी घागर भरली, पुरणाचा नैवेद्य झाला. मग गोपिकाबाईंनी घागरीतलं पाणी तांब्यात घेतलं. आबाराव बोरीखाली ज्या दगडावर बसायचे त्या दगडावर थोडं ओतायचं, असं त्यांच्या मनात होतं. सुग्रीव म्हणाला, चल मीच नेतो, बघ तरी कसं झालंय. तो पुढं, त्या मागं. तांब्यातलं पाणी सांडू नये म्हणून त्यांची नजर खालीच होती. पायाला चढ लागेल तेव्हा उतरण आली असं समजायचं, अशी त्यांना सवय होती. त्या चालत राहिल्या आणि चढ काही लागला नाही. सुग्रीव थांबला तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

समोर काळं, सपाट रान होतं. टेबलासारखं. बोर नव्हती, गवत नव्हतं, वर नव्हतं आणि खाली नव्हतं. बांधाला दगडांची ओळ रचली होती आणि त्यात आबारावांचा दगड कोणता ते ओळखू येत नव्हतं.

"हे कुणाचं रान रे?" गोपिकाबाईंनी विचारलं.

सुग्रीव हसला. "आपलंच की माय. ओळखलं न्हाईस ना? सगळा सलोप काढला."

आपल्या भाषेत काढणे हे क्रियापद मोठं दगाबाज आहे. रांगोळी काढली की ती दाराशी येते आणि काटा काढला की तो पायातून जातो. रस्ता काढला तर नवा होतो, छप्पर काढलं तर नाहीसं होतं. ही दोन टोकं एकाच शब्दात गुण्यागोविंदानं नांदतात, कारण काय काढलं ते आपल्याला डोळ्यांनी दिसत असतं. गोपिकाबाईंना फोनवर काय दिसणार होतं? गवंडी स्लोप काढतो तेव्हा तो सपाटीतून उतरण काढतो. मशीनवाला स्लोप काढतो तेव्हा तो उतरणच काढून टाकतो. एक शब्द जालन्याच्या वाटेनं आईपर्यंत आला होता आणि तोच शब्द मशीनवाल्याच्या तोंडून लेकापर्यंत, आणि फोनवर दोन्ही एकमेकांशी इतके नीट जुळले की कुणालाच शंका आली नाही.

सुग्रीव भरभरून सांगत होता. तळ्यातला गाळ आणून टाकलाय, बिलकुल काळं सोनं. उतरणीवर टाकला असता तर पहिल्याच पावसात ओढ्यात गेला असता, म्हणून आधी सलोप काढावा लागला. आता मिरची लावायची, मल्चिंगचा प्लास्टिक कागद अंथरायचा, ठिबक करायचं. आबांच्या काळापासून या जमिनीत कुसळाशिवाय काही आलं नव्हतं, यंदा बघ. त्याचं काहीच चुकत नव्हतं, आणि म्हणूनच गोपिकाबाईंना त्याच्यावर रागावता येईना. राग यायला कुणीतरी चुकावं लागतं. त्यांना फक्त आबाराव दिसत होते, खालच्या अंगाला उभे असलेले, डोळ्याला डोळा. आता ते आले तर कुठं उभे राहतील?

त्या खाली बसल्या. दगड नव्हता, म्हणून बोर जिथं असावी असं वाटलं तिथल्या मातीवर त्यांनी तांब्यातलं पाणी ओतलं. एवढी वर्षं त्या बोरीखाली सांडलेलं पाणी ओढ्याकडं पळायचं. वळून बघेपर्यंत खाली गेलेलं असायचं. हे पाणी जागचं हललं नाही. थोडा वेळ तसंच उभं राहिलं आणि पडल्या जागी मुरून गेलं.

"बघितलंस?" सुग्रीव म्हणाला. "एक थेंब वाहून जात न्हाई."

गोपिकाबाईंचे डोळे भरून आले. सुग्रीवनं ते पाहिलं आणि त्याचा उत्साह जागीच थबकला. उंचपुरा माणूस एकदम शाळेतल्या पोरासारखा दिसायला लागला. माय, तूच काढ म्हणलीस, तो हळूच म्हणाला. मी दोनदा विचारलं. तू वाट बघून राह्यले म्हणलीस. सांगायचं तर आत्ताच, गोपिकाबाईंना वाटलं. खोलीचं, शब्दाचं, सगळं. सांगितलं तर हा जन्मभर या रानात मान खाली घालून वावरेल. मिरची कितीही आली तरी त्याला ती गोड लागणार नाही.

त्या उठल्या. लेकाच्या डोक्यावरून हात फिरवायला त्यांनी हात वर केला. उतरणीवर असता तर सहज पोचला असता. इथं तो त्याच्या कानापाशीच थांबला. मग सुग्रीवच वाकला, आईच्या हाताखाली डोकं येईल इतका.

"चांगला काढलास बाबा," त्या म्हणाल्या. "मालकांची आठवण आली, एवढंच. बराबर काढलास."

सुग्रीवनं नाक ओढलं आणि मिरचीच्या रोपांबद्दल पुन्हा बोलायला लागला.

आता जन्मभर तिथंच राहायचं, असं मनात धरून त्या आल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी परतीची जीप धरली. निघताना त्यांनी आबारावांची काठी सुग्रीवच्या घरी भिंतीला टेकवून ठेवली. रानात लागंल तुला, म्हणाल्या. जीपमध्ये या वेळी त्या कुणाशी बोलल्या नाहीत.

जालन्यात बिभीषण कामावरून नुकताच आला होता, हातापायांचं सिमेंट अजून धुतलेलं नव्हतं. आईला बोचक्यासकट दारात बघून तो गोंधळला. मनीषानं पाण्याचा पेला आणून दिला. खोलीचं काय झालं हे विचारायचा त्याला धीर होईना, म्हणून त्यानं जे विचारता येण्यासारखं होतं तेवढंच विचारलं, रोज दहा जणांना विचारायचा तसं.

"माय, सलोप निघाला का बराबर?"

गोपिकाबाईंनी पेला तोंडाला लावला, आणि थोडं पिऊन खाली ठेवला.

"निघाला बाबा," त्या म्हणाल्या. "समदाच निघाला."

मग त्यांनी बोचकं सोडलं, घोंगडी काढून फरशीवर अंथरली आणि छकुलीला विचारलं की डोकं कुणीकडं करू. तिनं खिडकीकडं बोट दाखवलं. त्या तिकडं डोकं करून आडव्या झाल्या.